पेसाहला शाकाहारी स्वयंपाक करायचा तर भात-डाळ का सोडायची?

रेवदंडेकरीण
पेसाह म्हणजे आपला वल्हांडण सण जवळ आला की दरवर्षी तोच वाद, म्हणून यंदा स्पष्टच लिहिते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, रिवाज सेफार्दी म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या पद्धतीचा, आमच्या घरी पेसाहमध्ये भात कधी बंद नव्हता. बंदी आहे ती हमेत्झची, गहू, जव, राय, ओट्स आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं पीठ पाणी लागून फुगलं तर, म्हणून तर मात्झा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची पोळी, १८ मिनिटांच्या आत भाजायला घेतात. तांदूळ, डाळी, चणे, मका, तीळ, मोहरी हे सगळं किटनियोत, ते न खाण्याची चाल १३व्या शतकाच्या आसपास फ्रान्सकडे दिसते आणि ती अश्केनाझी लोकांची, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची. आता आपलीच तरुण मुलं व्हिडिओ बघून किटनियोत सोडायला लागलीत, जास्त धार्मिक वाटतं म्हणून. मटण-मासे खाणाऱ्याचं निभतं हो, पण जो शाकाहारी आहे त्याची डाळ, चणे, भात काढून घेतलात तर ताटात उरतं काय? माझं मत, शाकाहाऱ्याने तरी ही बंदी अंगावर घेऊ नये.

जर्सीची_सून
ताई, नाही पटलं. माझं सासर अश्केनाझी आहे, मी शाकाहारी, आणि आठही दिवस नीट जेवते. बटाटा, रताळं, वांगी, मशरूम, पनीर, अक्रोड, साबुदाणा, शिवाय पेसाहसाठी सर्टिफाइड किन्वा मिळतो. मात्झा कुस्करून फोडणीच्या पोळीसारखा परतते, कांदा-मिरची-कोथिंबीर, फक्त मोहरी नाही, सगळे मागून घेतात. ज्यांच्या घरी शेकडो वर्षं डाळ शिजली नाही त्यांच्या टेबलावर बसून मी माझी आमटी वेगळी काढायची हे मला बरोबर वाटत नाही. आणि एक सांगते, तुम्ही भात खा नाहीतर नका खाऊ पण हिंग आधी बघा, डबीतल्या हिंगात बरेचदा मैदा असतो, म्हणजे सरळ हमेत्झच. आमटीला आपण डोळे झाकून चिमूटभर टाकतो.

रेवदंडेकरीण
हिंगाचं अगदी खरं, ते सगळ्यांनी वाचा. पण तुमच्या सासरचा रिवाज तुमच्या सासरी, मी त्याला नावं ठेवत नाही. माझा राग आहे ठाण्या-मुंबईतल्या घरांनी आपला रिवाज टाकून तो उचलण्यावर. आणि अश्केनाझींमध्येही सगळे खूष कुठेत, १८व्या शतकात याकोब एम्डेनसारख्या मोठ्या रब्बीने (धर्मगुरूने) या बंदीविरुद्ध लिहिलंय, आणि २०१५ साली अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीच्या धर्मसमितीने अश्केनाझींनाही किटनियोत खायची मुभा दिली.

थळचा_दादा
भाताबद्दल ताईंच्या बाजूने, पण शाकाहाराच्या नावाखाली सेदरच्या, म्हणजे पहिल्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, ताटातलं हाड काढून बीट ठेवतात ते मला मान्य नाही. ते हाड खायला नसतंच, जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या कोकराच्या बलीची आठवण म्हणून असतं. आठवण ठेवायची तर ती जशी आहे तशी ठेवा ना, आपल्या सोयीने कशी बदलता?

जर्सीची_सून
दादा इथे मात्र मी बीटवाली. तल्मूदात, म्हणजे आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, पेसाहीमच्या भागात चर्चा आहे की सेदरला दोन शिजवलेले पदार्थ कुठले ठेवायचे, तिथे रब हूना हे रब्बी म्हणतात बीट आणि तांदूळ. रावा नावाचा रब्बी तर मुद्दाम हेच दोन शोधून आणायचा, रब हूनांच्या तोंडचा शब्द म्हणून. मग ही आपल्या सोयीची नवी टूम कशी?

रेवदंडेकरीण
बघा, तांदूळ तुम्हीच आणलात पुरावा म्हणून! तल्मूदाच्या ताटात भात चालतो तर माझ्या ताटात का नको? आमचं यंदाचं सांगते, पहिल्या रात्री मात्झा, खजूर शिजवून गाळून आटवलेला शिरा, हाडाच्या जागी बीट, मग कच्च्या फणसाची भाजी (एप्रिलात कोकणात फणस असतोच), नारळाच्या रसातली मसुराची आमटी बिनहिंगाची आणि भात. आपल्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, पण मटण नाही म्हटल्यावर दुधाचीही अडचण नाही, वरून साजूक तूप.

थळचा_दादा
जेवण झकास आहे, वाद नाही. रब हूनांचं वाचलंय मी पण, पण त्याच पानावर रब योसेफ दोन प्रकारचं मांसही सांगतात, ते कुणी पुढे आणत नाही. माझ्या ताटात हाड राहणार. घरातल्या शाकाहारी सुनेला ते बघवत नसेल तर शेजारी बीट ठेवीन, तिच्यासाठी आमटी-भातही करीन, हाड काढणार नाही.