अनुभव धागा : ‘द लव्हर्स’ हे पान समोर आले तेव्हा

टॅरो या भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांच्या संचातील ७८ पानांपैकी सहाव्या क्रमांकाचे ‘द लव्हर्स’ हे पान निघाले की ‘आता लग्न जमणार’ असे पुष्कळांना वाटते. जुन्या मार्सेय पद्धतीच्या संचात मात्र या पानावर दोन स्त्रियांच्या मधोमध उभा असलेला तरुण आणि वर धनुष्य ताणलेला मदन दिसतो. पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या, १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संचात पुरुष स्त्रीकडे पाहतो आणि स्त्री वरच्या देवदूताकडे पाहते. माझ्या मते या पानाचा गाभा निवड हाच आहे. आपल्याला ते कोणत्या पेचात भेटले, हे सविस्तर लिहावे.

माझ्यापासून सुरुवात करते. दोन्ही घरांनी जवळजवळ ठरवलेल्या स्थळाला होकार द्यावा का, या प्रश्नावर मैत्रिणीने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पाने मांडली आणि हे पान निघाले. ती आनंदली, मला मात्र त्या स्त्रीची वर गेलेली नजर विसरता येईना, कारण मुलगा चांगला आहे का याचा मी खूप विचार केला होता, पण हा होकार माझा आहे की बाबांच्या शब्दाखातर आहे, हे स्वतःला एकदाही विचारले नव्हते. त्या रात्री मी बाबांना नकार सांगितला. महिनाभर ते माझ्याशी जेमतेम बोलले.

बोरिवलीहून : मी अनेक वर्षे पाने वाचते. ‘टू ऑफ कप्स’मध्ये दोघे समोरासमोर पेले धरून उभे असतात, म्हणून जुळलेल्या मनांसाठी मी ते पान मानते. ‘लव्हर्स’ आले की मी विचारते, या नात्यासाठी आपण काय सोडायला तयार आहात? ‘तो परत येईल का’ हे विचारायला आलेल्यांना हा प्रश्न कठोर वाटतो, तरी तो टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

मुलुंडहून : आमचे लग्न आंतरजातीय. विशेष विवाह कायद्यानुसार नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते. ते सगळे दिवस हे पान माझ्या पाकिटात होते. लग्नाला लागणारे तिन्ही साक्षीदार मित्रच होते.

गिरगावहून : आमच्या चाळीत पुनर्विकासावरून दोन तट पडले होते. ज्यांच्या घरी मी लहानपणी जेवत असे, ते शेजारचे काका संमतीपत्रावर सही करायला तयार नव्हते, घरची मंडळी अधीर झाली होती, आणि मी दोन्हीकडे मान डोलवत होतो. मुलीने पाने काढली तेव्हा ‘लव्हर्स’ उलटे आले. उलट्या पानाचा एक अर्थ टाळलेला निर्णय असा सांगतात. पाने भविष्य सांगतात असे मी मानत नाही, पण तिने हा अर्थ वाचून दाखवल्यावर मला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी काकांच्या खोलीत जाऊन, मी सही करणार आहे, हे त्यांना समोरासमोर सांगितले आणि त्यांची अडचण काय आहे, हेही प्रथमच विचारले. तात्पुरत्या भाड्याच्या जागेत जिने चढावे लागतील, याची त्यांना धास्ती होती. त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली शोधण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. ठाकूरद्वार परिसरात अशी जागा कुणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.