अनुभव धागा: सरकारी काम आणि गावाची रीत (विदर्भ, खेडी)

महसूल खात्यात पहिली नऊ वर्षं अकोल्याकडे काढली, मग आंतरजिल्हा बदलीवर भंडाऱ्याला आलो. सातबारा तोच, अर्जाचा नमुना तोच. वऱ्हाडातला शेतकरी दारातूनच विचारायचा, "काम होते का नाही, तेवढं सांगा ना साहेब." इकडे एक म्हातारा दोन दिवस ओसरीवर बसून होता. मला वाटलं, कोणाची तरी वाट पाहतोय. तो माझीच पाहत होता, बोलावल्याशिवाय आत येत नव्हता. वऱ्हाडात रयतवारी, सारा थेट सरकारात. इकडे मध्ये मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारा गावचा मालक. मालगुजारी 1951 साली गेली, पण ओसरीवर बसायची सवय बहुतेक तेव्हाचीच. हे आपलं माझं अनुमान, कोणी खोडलं तरी चालेल. तुमच्या गावात, तुमच्या खात्यात काय पाहिलंत ते लिहा. खात्याचं, साहेबाचं नाव नको.

ग्रामसेवक, गडचिरोली जिल्हा

मी मूळचा बुलढाण्याचा. आमच्याकडे ग्रामसभा म्हणजे कोरम भरला का, हात वर, ठराव मंजूर, चहा. धानोरा तालुक्यात पहिल्याच सभेत सौर पंपाच्या जागेचा विषय होता. म्हटलं, शाळेजवळ पाहिजे त्यांनी हात वर करा. एकही हात वर नाही. मग म्हटलं, टोल्यावर (वस्तीवर) पाहिजे त्यांनी करा. तरी नाही. मला वाटलं बहिष्कारच आहे. मग एक गोंड म्हातारबा गोंडीत काहीतरी बोलले, शेजारच्या पोराने सांगितलं: "हात खाली राहिले त्यांनी पाणी कुठलं प्यायचं, असं विचारून रायले."

चार बैठका झाल्या. दोन घरं अडून होती, त्यांची विहीर त्याच वाटेवर. चौथ्या बैठकीत त्यांच्याच बांधाला टाकी लावायचं ठरलं. तोवर मला वरून दोन स्मरणपत्रं आली होती. पण पंप बसल्यावर पाइप कोणी फोडला नाही, आणि वर्गणी मागायला मला एकदाही फिरावं लागलं नाही. माझ्या आधीच्या गावात बहुमताने बसवलेल्या टाकीचा व्हॉल्व वर्षात तीनदा चोरीला गेला होता.

ठरावाच्या छापील नमुन्यात "बहुमताने मंजूर" असतं, ते खोडून मी "सर्वसंमतीने" लिहितो. लेखापरीक्षणात एकदा शेरा आला, खाडाखोड का म्हणून. आमच्या तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव याच रीतीने चालतं, हे पुष्कळांना माहीत असेल. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले, 2011 मध्ये बांबूचे वाहतूक पास खुद्द केंद्रीय मंत्र्यांनी येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. पाहुणे येतात, फोटो काढतात. सभा किती वेळ चालते, हे मात्र कोणी बसून पाहत नाही.

एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका), मेळघाट

उपकेंद्रात आल्यावर पहिल्या महिन्यात एक बाळ आलं. पोट फुगलेलं, बेंबीभोवती डागाच्या चार खुणा. इकडे त्याला डंबा म्हणतात, तापवलेल्या लोखंडाने डागतात. मी आईवर ओरडले. ती पुन्हा आली नाही, तिच्या पाड्यावरच्या बाकीच्या बायाही आल्या नाहीत. लसीकरणाच्या दिवशी मी एकटी कोल्ड बॉक्स घेऊन अंगणवाडीत बसलेली.

शेवटी आशाताई मला भुमकाबाबांच्या, म्हणजे पाड्यावरच्या पूजा-उपचार करणाऱ्या वैदूच्या घरी घेऊन गेली. मी खाली बसले, त्यांनी महुआच्या झाडाखाली खाट टाकून दिली ती नको म्हटलं. भांडायला गेले नाही, एवढंच विचारलं की बाबा, पोर कितपत आजारी आहे हे तुम्ही कसं ओळखता? ते सुपात दाणे टाकून पाहतात. पण दाण्यांच्या आधी त्यांनी बोलता बोलता पोराचे डोळे पाहिले, टाळू चाचपली. म्हणजे ओळखतात की! मग ठरलं: पूजा त्यांनी करावी, डाग देऊ नये, आणि टाळू खोल गेलेली दिसली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं, की आधी माझ्याकडे धाडावं. दोन पावसाळ्यांत सात पोरं त्यांनी पाठवली, एकाला तर स्वतः खांद्यावर आणलं. डाग पूर्ण बंद झाले असं मी म्हणणार नाही. माझ्या मासिक अहवालात मात्र भुमका या शब्दाला रकानाच नाही.

रोजगार सेवक, धारणीकडचा

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 सालीच केला, पण मस्टरला (मजुरांच्या हजेरीपटाला) अजून होळी कळत नाही. कोरकूंची दिवाळी म्हणजे होळीच. बाहेरगावी गेलेला माणूसही येतो, फगवा मागत पाच दिवस फिरतात. तेव्हा मस्टर काढलं की सगळे गैरहजर, वरून विचारणा "मागणी नाही का?" आता मी काम असं लावतो की आठवडा होळीच्या आधी संपेल. मजुरी मात्र होळीनंतरच जमा होते. आणि सुट्टी बाजाराच्या दिवशी, रविवारला इथं कोण विचारतं?

धान शेतकरी, भंडारा

आमच्या गावचा तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. आजोबांच्या वेळी पाणकर होता. तुडूम (तलावाचं पाणी सोडायचं दार) कधी उघडायचं, कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) आधी पाणी जायचं, हे तो ठरवायचा, आणि त्याला मोबदला धानात. खालच्या टोकाच्या बांधीपासून सुरुवात, कारण वरच्याला पाळ (तलावाचा बांध) जवळ, तो केव्हाही घेईल. धिवरांच्या (मासेमारी करणाऱ्यांच्या) मासळीसाठी तळाला किती पाणी ठेवायचं, हे पाळीवरच्या एका दगडावरून ठरलेलं होतं.

मग तलाव सरकारचा झाला. आता अर्ज द्या, पाणीपट्टी भरा, आदेश आला की पाणी सुटेल. अर्ज सर्वांत आधी कोण देतो? ज्याच्याकडे मोटरसायकल आहे तो. तीन वर्षांपूर्वी आदेश आला तेव्हा तुडूम इतकं उघडलं की दगड उघडा पडला आणि धिवरांचं मासळीचं बीज गेलं. साहेब म्हणाले, "दगडाची नोंद कुठंच नाही." नोंद नाही हे खरं आहे. दगड आहे, येऊन पाहा. यंदा आम्ही शेतकरी आणि धिवर, दोन्हीकडच्यांनी बसून दगडाला चुना लावला आणि फोटो अर्जाला जोडला.

आशा कार्यकर्ती, एटापल्लीकडची

वरच्या ग्रामसेवक भाऊंचं पटलं, पण एक सांगते. आमच्या गावातही सर्वसंमतीच चालते. बोअरची जागा ठरली त्या रात्री पाच बाया कुर्माघरात, म्हणजे पाळीच्या दिवसांत राहायच्या गावाबाहेरच्या झोपडीत होत्या. कुर्माघरातल्या बाईने सभेला यायचं नसतं. पाणी भरणाऱ्या त्याच. बोअर झाली गोटुलजवळ (गावाच्या सामायिक घराजवळ), आणि कुर्माघरातल्या बायांनी तिला हात लावायचा नाही. पुढच्या वेळी मी सभेच्या तीन दिवस आधी कुर्माघराच्या दारात बसून विचारून घेतलं आणि सभेत त्यांच्या नावाने सांगितलं. म्हातारे कुरकुरले. दुसरी बोअर आता कुर्माघराच्या मागे आहे, हापसा जरा जड जातो.