मदत हवी आहे: घरी बीपी मोजायला मशीन कोणतं घ्यावं? (आईचा दंड जाड आहे)

आई ७१ वर्षांची, बीपीची गोळी बरीच वर्षं सुरू आहे. दवाखान्यात मोजलं की वरचा आकडा हमखास १६०च्या पुढे. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवण्याआधी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहून आणा. म्हणून ही शोधाशोध.

शेजारच्या काकूंचं मनगटावरचं मशीन लावून पाहिलं. हात मांडीवर असताना एक आकडा, छातीपाशी धरला की दुसराच! त्यामुळे दंडावरचंच घ्यायचं हे पक्कं. घोडं अडलंय ते पट्ट्यापाशी. ब्लाउजच्या मापाच्या टेपने आईचा दंड मोजला तर ३५ सेंमी भरला, आणि दुकानात दाखवतात त्या बऱ्याच पट्ट्यांवर २२–३२ छापलेलं असतं. दुकानदार म्हणतो, "ताई, ओढून लावा, बसतो." बसेल हो, पण जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मग गोळी उगाचच वाढायची.

२२–४२चा पट्टा असलेलं मशीन कुणी वापरतंय का? की मोठा पट्टा वेगळा घ्यावा? शिवाय आईचे ठोके मधूनच चुकतात, त्याने आकड्यात फरक पडतो का?

प्रतिसाद:
३५ला २२–३२चा विचारच सोडा. वेगळा पट्टा घेतलात तर त्याच मॉडेलसाठी दिलेला घ्या. दुसऱ्या कंपनीचा नळीला बसला तरी त्याचा भरवसा नाही. नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर 'स्ट्राइड बीपी'च्या संकेतस्थळावर शोधा, तिथे चाचणीत उतरलेल्या मशीनची यादी आहे. ब्लूटूथने अचूकता वाढत नाही, किंमत तेवढी वाढते.

ठोक्यांचं मात्र डॉक्टरांच्या कानावर घालाच, ईसीजी काढावा लागेल. ही मशीन पट्ट्यातल्या दाबाची थरथर टिपतात, ठोके अनियमित असले की आकडा दर वेळी हलतो. अशा वेळी एका बैठकीत दोनाऐवजी तीनदा मोजून सरासरी काढा.

मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवा (आईंना गप्प बसवणं हे खरं कठीण काम), पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. घरच्या सरासरीला १३५/८५ ही मर्यादा धरतात, दवाखान्यातली १४०/९० नव्हे. मशीन आणलं की एकदा दवाखान्यात नेऊन त्यांच्या आकड्याशी ताडून घ्या.

बजेट किती आहे ते लिहिलं नाहीत?