मेंदूतल्या इन्फ्लमेशनवर रिसर्च करायचाय, कोकणातून हा रस्ता धरावा का?

वेंगुर्ल्याची_पोर:
मी टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, सावंतवाडीत. 2016 ला दोडामार्गात माकडताप आलेला, तेव्हा माझी मावशी काजूच्या बागेत जायची, तिला झाला. आठ-दहा दिवसांत ताप उतरला, सगळे म्हणाले सुटली बाई, आणि तिसऱ्या आठवड्यात परत ताप, डोकं फुटायची पाळी, हात एवढा थरथरायचा की पेजेचा चमचा तोंडापर्यंत जाईना. आता ठणठणीत आहे, पण मधल्या त्या बऱ्या दिवसांत तिच्या मेंदूत नक्की काय चाललेलं हे माझ्या डोक्यातून जात नाही. सर म्हणाले न्यूरोइन्फ्लमेशन, म्हणजे मेंदूतला दाह, वाच. वाचलं, अर्धं डोक्यावरून गेलं. यात करिअर होतं का? बाबा म्हणतात डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, कर नि इथेच लॅब टाक.

मालवणी_पोस्टडॉक:
अगं तू विचारतेयस तोच तर या फील्डचा प्रश्न आहे, नुकसान किती व्हायरसने केलं आणि किती आपल्याच इम्यून सिस्टिमने. माकडतापात साधारण 10 ते 20 टक्के लोकांना ही दुसरी फेरी येते. मेंदूत मायक्रोग्लिया म्हणून इम्यून पेशी असतात, रियो-ओर्तेगा नावाच्या स्पॅनिश शास्त्रज्ञाने 1919 मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या, आणि मग कितीतरी वर्षं त्यांना झाडूवाल्यासारखंच वागवलं. आता कळतंय की त्या भडकल्या की चांगल्या न्यूरॉन्सचीही वाट लावतात. पुस्तकावर फार विसंबू नको, आमच्या पुस्तकात मेंदूला लिम्फच्या वाहिन्या नाहीत असं होतं, 2015 मध्ये उंदराच्या मेंदूच्या आवरणात त्या सापडल्या, मी तेव्हा एमएस्सीला, जुनंच उत्तर लिहून मार्क घेतले 😄

रोजचं काम सांगते. उंदराचा मेंदू काढायचा, बर्फावर बारीक करायचा, परकॉल नावाच्या दाट द्रावणात सेंट्रिफ्यूजवर फिरवायचा. वर मायलिनचा, म्हणजे मज्जातंतूंवरच्या चरबीच्या वेष्टनाचा, पांढरा थर येतो, शहाळ्याच्या मलईसारखा, तो हलक्या हाताने काढून टाकायचा आणि मधल्या रेषेवरच्या पेशी उचलायच्या. हात हलला की दिवस गेला. मग पेशी मोजून ओळखणाऱ्या मशीनचा, फ्लो सायटोमीटरचा, स्लॉट मिळतो रात्री दीडला. माझं पहिलं वर्ष यातच गेलं.

आधी एमएस्सी, बायोटेकसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा दे, मग फेलोशिपसाठी सीएसआयआर नेट ही परीक्षा. संस्था म्हणशील तर पुण्यात पेशींवर काम करणारं एनसीसीएस, व्हायरसवरचं एनआयव्ही, मेंदूसाठी मानेसरचं एनबीआरसी, बंगळूरचं निम्हान्स. आणि हो, 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा हा माकडतापाचा व्हायरस पुण्याच्याच लोकांनी शोधला, एनआयव्हीचं नाव तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होतं.

बागायतदार_काका:
सगळं खरं, पण पैशाचं कोण बोलणार? माझा पुतण्या पीएचडी करतो, संस्थेचं नाव नको, फेलोशिप पाच-पाच महिने अडकते, गणपतीला यायला तिकिटाचे पैसे माझ्याकडून घेतो. वय 29. डीएमएलटी म्हणजे काय वाईट नाही गो बाय.

मालवणी_पोस्टडॉक:
काका बरोबर बोलताहेत, माझेही अडकलेले. कागदावर जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप, महिन्याला 37,000 नि दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं, पण हातात कधी पडतील याचा भरवसा नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं धर, पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती रिसर्चची नोकरी, बऱ्याचदा बाहेरदेशी, आणि पर्मनंट जागा मोजक्या. म्हणून संस्थेपेक्षा गाईड बघ. त्याच्या जुन्या पोरांना फोन कर, किती वर्षांत सुटली ते विचार. आणि सुट्टीत दोन महिने कुठल्याही लॅबमध्ये जाऊन बस, जमतं की नाही तिथेच कळेल.

वेंगुर्ल्याची_पोर:
थँक्यू ताई, काका. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. पैशाचं, वयाचं काहीच बोलले नाहीत, एवढंच विचारलं, उंदीर कोण मारतं?

मालवणी_पोस्टडॉक:
आपणच. नियमाने भूल देऊन. पहिल्या दिवशी मी जेवले नव्हते, बाबांना हेही सांग.