शब्दचर्चा : ‘अनुकंपी’ चेता आणि ‘प्राणेशा’

प्रश्न : रक्तदाबावरच्या एका लेखात ‘दचकल्यावर अनुकंपी चेता हृदयाचे ठोके वाढवतात’ असं वाक्य वाचलं. चेता म्हणजे नर्व्ह हे ठाऊक होतं, पण ‘अनुकंपी’पाशी अडले. अनुकंपा म्हणजे दया. अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागते, तीच ना? छातीत धडधड होण्याशी दयेचा काय संबंध? ‘परानुकंपी’ म्हणजे मग परक्यांवर दया का?

उत्तर : दया हा अर्थ पुढचा. अनु + कंप म्हणजे दुसऱ्यापाठोपाठ थरथरणं. ‘सिंपथेटिक’ या इंग्रजी नावाच्या मुळाशीही ग्रीकमधलं ‘सोबत सोसणं’ आहे. एका अवयवाला त्रास झाला की दुसराही त्याच्यासोबत सोसतो, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. त्या कल्पनेतूनच विन्स्लो या शरीररचनातज्ज्ञाने १७३२ साली चेतांना हे नाव दिलं. मराठी शब्द मला फार नेमका वाटतो, कारण मन हललं की हृदय खरोखरच पाठोपाठ थरथरतं.

‘परा’ची गोष्ट वेगळी. लँग्ली या शरीरक्रियातज्ज्ञाने १९०५ मध्ये ‘पॅरासिंपथेटिक’ शब्द घडवला तो ‘बाजूचा’ या अर्थाने, कारण या चेता अनुकंपी चेतांच्या वरच्या आणि खालच्या बाजूंनी निघतात. आपला ‘परा’ मात्र परावर्तन, पराङ्मुख यांतला, म्हणजे उलट दिशेचा. हृदयापुरतं तेही जुळतं : एक ठोके वाढवते, दुसरी कमी करते.

आणखी एक उत्तर : ठोके कमी करणाऱ्या त्या परानुकंपी चेतेचं स्वतःचं मराठी नाव सांगायलाच हवं. ती म्हणजे व्हेगस, थेट मेंदूतून निघणाऱ्या मस्तिष्क चेतांपैकी दहावी, लॅटिनमध्ये ‘भटकी’. आपल्या परिभाषेत ती ‘प्राणेशा’. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला सुमारे शंभर ठोके देईल. विश्रांतीत ते सत्तरच्या आसपास राहतात ते प्राणेशेच्या लगामामुळे. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाची ही चेता तुटलेली असते, म्हणून माणूस स्वस्थ बसला असतानाही ते जलद चालतं.

आपण झटकन उठून उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरभर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. जबड्याच्या कोनाखाली मानेतल्या रोहिणीत (धमनीत) आणि महारोहिणीच्या कमानीत ताण ओळखणारी चेताटोकं असतात. दाब उतरला की त्यांचे संदेश मंदावतात. मेंदूच्या तळाशी ते कळतं, प्राणेशेचा लगाम सैल होतो, अनुकंपी चेता लहान रोहिण्या आवळतात आणि दाब काही सेकंदांत सावरतो. हे सावरणं उशिरा झालं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

प्रश्न : मेंदूच्या तळाशी म्हणजे लंबमज्जा का? मुलीच्या शाळेच्या पुस्तकात ‘मस्तिष्कपुच्छ’ आहे.

उत्तर : दोन्ही एकच. विश्वकोशात लंबमज्जा, बालभारतीत मस्तिष्कपुच्छ. तसंच तंत्रिका आणि चेता. मुलांसाठी लिहिताना मी बालभारतीचे शब्द घेईन, कारण परीक्षेत तेच येतात. ‘प्राणेशा’ मात्र कुठेही सोडू नये.