अवजड यंत्रांचे स्टिअरिंग केवळ तेलावर सोपवावे का?

धागाकर्ता: लोडर आणि अनेक ट्रॅक्टरांमध्ये स्टिअरिंग व चाके यांना जोडणारा दांडा मुळातच नसतो. चालक स्टिअरिंगचे चक्र जितके फिरवेल तितकेच तेल मोजून ऑर्बिट्रोल (चक्राने फिरणारा, तेल मोजून सोडणारा व्हॉल्व्ह) ते चाके वळवणाऱ्या सिलिंडरकडे पाठवतो. ही रचना सर्वस्वी योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाचे तेल शिरले की सुमारे १० टनांचा रेटा मिळतो, आणि होज (तेलाच्या लवचीक नळ्या) हवे तसे वळवून नेता येत असल्याने मधोमध दुमडणाऱ्या लोडरच्या सांध्यातून दांडे ओवण्याची गरज उरत नाही. पंप बंद पडला, तरी तोच ऑर्बिट्रोल हातपंपासारखा चालतो.

प्रतिसाद १: आपले शेवटचे वाक्य मला मुळीच मान्य नाही. एका फेरीत ५०० घनसेंटीमीटर तेल सोडणाऱ्या ऑर्बिट्रोलमधून हाताने अवघा २० बार दाब उभा करायचा, तर घर्षण आणि गळती न धरताही सुमारे १६० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) लागतो. म्हणजे ४० सेंटीमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर जवळजवळ ८० किलोंचा जोर. भरलेली बकेट घेऊन उतारावर असलेल्या चालकाने तो कुठून आणावा? मोटारीच्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल केवळ मदतनीस असते; पंप फिरवणारा पट्टा तुटला तर चक्र जड होते, पण रॅक आणि पिनियन (चक्राला चाकांशी जोडणारे दातेरी दांडा व दातेरी चाक) यांची जोडणी शाबूत राहते.

धागाकर्ता: आपला हिशेब बरोबर आहे, परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष दांड्याचा नसून दुसऱ्या दाबस्रोताचा आहे. मोठ्या यंत्रांत त्यासाठी अॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी), विजेवर चालणारा पंप किंवा चाकांच्या गतीवर फिरणारा पंप बसवतात, आणि माती हलवणाऱ्या यंत्रांच्या स्टिअरिंगसाठी आयएसओ ५०१० हे मानकही आहे. शिवाय बकेट आणि स्टिअरिंग एकाच पंपावर असतील, तर प्रायॉरिटी व्हॉल्व्ह आधी स्टिअरिंगला तेल देतो.

प्रतिसाद २: माझा आक्षेप वेगाबाबत आहे. ऑर्बिट्रोलमधील आतल्या गळतीमुळे चाके सरळ असतानाही चक्राची मूठ हळूहळू जागा सोडते, आणि बहुतेक रचनांत रस्त्याचा प्रतिसाद हाताला जाणवत नाही. खाणीत संथ चालणाऱ्या लोडरला हे चालून जाते. रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या वाहनाला मात्र यांत्रिक जोडणी असलीच पाहिजे.

प्रतिसाद १: वेगाचा मुद्दा मला पटतो. दुसऱ्या दाबस्रोताबद्दल मात्र माझा आग्रह कायम आहे: उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने त्याची नियमित चाचणी होत नसेल, तर ते यंत्र उतारावर नेऊ नये.