कुन्नूरला या आठवड्यात पाऊस कितपत?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, आईबाबांना घेऊन ऊटीजवळच्या कुन्नूरला चाललोय, ॲपमध्ये सातही दिवस ढग-वीज दाखवतंय. प्लॅन कॅन्सल करू का? मेट्टुपालयमहून टॉय ट्रेनचं बुकिंग आहे.

घाटवेडा: अहो आपल्याकडचा पाऊस संपला की तिकडचा सुरू होतो, ईशान्य मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर. कुन्नूर निलगिरीच्या पूर्व उतारावर, त्यामुळे बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग आधी तिथेच अडतात. पण सकाळ बऱ्याचदा कोरडी मिळते, दुपारनंतर धुकं आणि मग सर. डॉल्फिन्स नोज हा व्ह्यूपॉइंट सकाळी नऊच्या आत उरका, नाहीतर नुसता पांढरा पडदा बघून याल.

चहाबाज: ॲपचा ढग सोडा, चेन्नईच्या हवामान केंद्राचं निलगिरी जिल्ह्याचं बुलेटिन रोज बघा, उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला तरच टेन्शन. खरी गोची ट्रेनची आहे, कल्लार ते कुन्नूर या घाटाच्या टप्प्यात दरड आली की गाडी रद्द, तेव्हा टॅक्सीचा नंबर हाताशी असू द्या. कुन्नूर-ऊटी सहसा चालू असते. आणि निलगिरीत गाडी न्यायला लागणारा ई-पास आधीच काढा.

प्रश्नकर्ता: मग जातोच. स्वेटर लागेल?

चहाबाज: लागेल की, १८०० मीटरच्या वर आहे. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा असतो.